तिसऱ्या रांगेत आधी स्वतः बसून बघा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की आमची तीन रांगांची क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या धर्तीवर बनवलेली एसयूव्ही, आता आठ वर्षांची झाली, 1 लाख 40 हजार किलोमीटर पळाली आणि अजून घरात आहे. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं. बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं गाळलीयेत.

प्रश्न : ताई, घरात आम्ही सहा जण, आई-बाबा दोघंही सत्तरीचे. तीन-चार गाड्या चालवून बघितल्या, चालवायला सगळ्याच भारी वाटतात, नेमकं काय बघायचं तेच कळेना. मेहुणा म्हणतो एसयूव्हीच्या नादाला लागू नका, एमपीव्ही घ्या.

चालवून बघणं सगळ्यात शेवटी ठेवा. आजकालची कुठलीही गाडी वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये वाईट वाटत नाही, आणि तुम्ही बसता ड्रायव्हिंग सीटवर, जिच्यात बनवणाऱ्यांनी सगळ्यात जास्त जीव ओतलेला असतो. तुमचा खरा प्रश्न मागे आहे. गाडी उभी असतानाच पाऊण तास मागून घ्या आणि घरचे सहाच्या सहा जण घेऊन जा. आधी सगळ्यात उंच माणूस पुढे बसून सीट त्याला हवी तशी लावेल. मग दुसऱ्या रांगेत जो बसणार तो गुडघ्याला नीट जागा राहील अशी आपली सीट सरकवेल. आता त्या सीटला कोणी हात लावायचा नाही, आणि तसंच तिसऱ्या रांगेत जाऊन बसायचं. गाडी दाखवणारा माणूस हमखास दुसरी रांग पुढे ढकलून ठेवतो आणि म्हणतो बघा मागे किती जागा. जागा असते हो, पण ती दुसऱ्या रांगेतल्या माणसाच्या गुडघ्याकडून उसनी घेतलेली असते.

मी हे केलं नव्हतं. शोरूममध्ये मी दोन मिनिटं मागे बसले, ठीक आहे म्हटलं आणि गाडी बुक केली. पहिल्याच लांबच्या प्रवासात सासूबाई स्वतःहून मागे गेल्या, मुलांना पुढे बसू दे म्हणाल्या. चढताना त्यांची चप्पल दुसऱ्या रांगेच्या बेल्टच्या बकलमध्ये अडकली, तोल सावरायला त्यांनी समोरच्या सीटची पाठ धरली, आणि ती सीट लॉक झालेली नसल्यामुळे हातासरशी पुढे आली. पडल्या नाहीत, पण मग चार तास गुडघे छातीजवळ घेऊन बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्यावर दाराला धरून बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. ते बघितल्यापासून मी कुणालाही गाडी निवडताना आधी मागे पाठवते.

गुडघे वर का येतात तर तिसऱ्या रांगेखाली मागचा ॲक्सल आणि सस्पेन्शन असतं, पेट्रोलची टाकीही तिथेच जवळपास असते, म्हणून फ्लोअर उंच घ्यावा लागतो. वरून छत मागे उतरत आलेलं असतं म्हणून सीट उंच करता येत नाही. मधे जी जागा उरते तीच तुमच्या आईबाबांची मांडी. टेप घेऊन जा आणि फ्लोअरपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा. घरातली साधी खुर्ची साधारण 43 ते 45 सेंटीमीटर असते, तिसऱ्या रांगेत ते 30 च्या आसपास आलं तर मोठ्या माणसाची मांडी सीटला टेकतच नाही, सगळा भार कमरेवर येतो. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

आता मेहुण्याचं म्हणणं. तुमच्या बाबतीत तो बरोबर असू शकतो. एमपीव्ही म्हणजे 1983 च्या अखेरीस आलेल्या क्रायस्लरच्या मिनीव्हॅन किंवा 1984 ची रेनो एस्पास, या गाड्या पहिल्यापासून माणसं नीट बसवायची म्हणूनच आखल्या गेल्या, फ्लोअर सपाट आणि छत उंच, पुढे त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना दोन्ही बाजूंनी सरकती दारं आली. क्रॉसओव्हर आली कारच्या बाजूने. कारसारखीच मोनोकॉक, म्हणजे खाली वेगळी चासी नसलेली, बॉडी घ्यायची, ती उंच करायची आणि मागे आणखी एक रांग बसवायची, 2002 ची व्होल्वो एक्ससी90 याच पद्धतीची. म्हणून रोज मोठी माणसं मागे बसणार असतील तर एमपीव्ही. मागे मुलं बसणार असतील, रस्ता खराब असेल, चढ किंवा बर्फ असेल, ट्रेलर ओढायचा असेल तर क्रॉसओव्हर.

आणि क्रॉसओव्हरमध्येही नुसतं सेव्हन सीटर लिहिलंय यावर जाऊ नका. पहिल्या पिढीची स्कोडा कोडियाक साधारण 4.7 मीटर लांब आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2.79 मीटर, किया टेल्युराइड पहिल्या पिढीची 5 मीटर आणि व्हीलबेस 2.9. दोन्हींत तीन रांगा मिळतात, पण ही 30 सेंटीमीटर मुख्यतः शेवटच्या माणसाच्या पायाशी आणि डिकीत दिसतात. कोडियाकमध्ये तिसरी रांग उभी असताना डिकी 270 लिटर उरते. हा लिटरचा आकडा युरोपात कसा काढतात माहितीये का, 20 बाय 10 बाय 5 सेंटीमीटरचे ठोकळे डिकीत रचतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर, जेवढे बसले तेवढे लिटर. तुमची बॅग काही ठोकळ्यांची बनलेली नसते, म्हणून आकडा वाचू नका, घरातली सगळ्यात मोठी बॅग आणि लहान मूल असेल तर स्ट्रोलर बरोबर न्या आणि तिसरी रांग उभी ठेवून डिकीचं दार लावून बघा.

गाडी उभी राहणार ती जागाही मोजाच. लांबी-रुंदीसोबत मागचं दार वर उघडताना मागे आणि वर किती जागा खातं ते.

प्रश्न : मधल्या रांगेत कॅप्टन सीट घ्यावी की बेंच?

मुलं मागे बसणार असतील तर कॅप्टन, म्हणजे मधे वाट सोडून दोन सुट्या सीट. मधल्या वाटेने मुलं दार न उघडता, सीट न पाडता मागे जातात, आणि मधल्या दोघांना चाइल्ड सीट लावलेली असली तरी वाट मोकळी राहते. फक्त एक सीट कमी होते, सात नियमित असाल तर बेंचच बरी. बेंच घेताना ती 60-40 अशा दोन भागांत कुठल्या बाजूला फुटते ते बघा. फुटपाथ ज्या बाजूला येतो त्या बाजूने मागे चढता आलं पाहिजे, काही गाड्यांत नेमकं उलटं असतं आणि मुलांना रहदारीच्या बाजूने चढवावं लागतं. हे कोणी सांगत नाही.

प्रश्न : दोन मुलं, एक दीड वर्षाचं आणि एक पाच वर्षांचं, शिवाय सासू-सासरे. चाइल्ड सीट कुठे लावायच्या? एकदा लावल्या की मागे जायला रस्ताच राहत नाही असं मैत्रीण म्हणाली.

मैत्रीण बरोबर सांगतेय. हा या गाड्यांचा सगळ्यात मोठा घोळ आहे आणि गाडी घेईपर्यंत कळत नाही. मागे जायची वाट म्हणजे दुसऱ्या रांगेची सीट दुमडून पुढे सरकणं, आणि तिच्यावर चाइल्ड सीट बांधलेली असली की बहुतेक गाड्यांत ती दुमडत नाही. काही गाड्यांत सीट न दुमडता नुसती तिरकी होऊन पुढे जाते, चाइल्ड सीट तशीच बांधलेली राहते, पण तीही फक्त मूल काढल्यावर, आणि पुढे तोंड असलेल्या सीटला टॉप टेदर, म्हणजे तिचा वरचा भाग मागे बांधून ठेवणारा पट्टा, लावलेला असला तर तो कधी कधी आधी सोडावा लागतो. म्हणून तुमची चाइल्ड सीट घेऊन जा. हो, शोरूममध्ये. लावा, मागे चढा, उतरा, दोनदा करा.

आयसोफिक्सचे हुक किती आणि कुठे ते बघा. आयसोफिक्स म्हणजे सीटच्या पाठ आणि गादीच्या फटीत असलेल्या धातूच्या कड्या, अमेरिकेत याच धर्तीवर लॅच आहे आणि 2002 पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. पण सक्ती सगळ्या सीटना नाहीये, त्यामुळे तिसऱ्या रांगेत काही गाड्यांत पूर्ण कड्या असतात, काहींत नुसता टेदर, काहींत काहीच नाही. कड्या नसल्या तरी बऱ्याच चाइल्ड सीट बेल्टने लावता येतात, त्यासाठी गाडीचं आणि सीटचं अशी दोन्ही मॅन्युअल वाचा, दोन्हींनी परवानगी दिलेली हवी.

धाकट्याचं तोंड अजून मागेच ठेवा. युरोपच्या चाइल्ड सीटसाठीच्या आर129 नियमात 15 महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे, पण ती किमान मर्यादा झाली, सीटच्या माप-वजनात मूल बसतंय तोपर्यंत मागेच तोंड असलेलं बरं कारण त्या वयात मान नाजूक आणि डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मी तुमच्या जागी असते तर धाकट्याला मधल्या रांगेत ठेवलं असतं, हात पोचला पाहिजे आणि रोज उचलून बसवताना कंबर शाबूत राहिली पाहिजे. पाच वर्षांचं मूल तिसऱ्या रांगेत, तिथे त्याची सीट मॅन्युअलप्रमाणे घट्ट बसत असेल तर. आणि सासू किंवा सासरे, ज्यांना चढणं सोपं जातं त्यांनी त्याच्या शेजारी. मूल स्वतः बेल्ट लावतं तेव्हा क्लिक झालं का हे पुढून दिसत नाही, म्हणून ज्या गाडीत मागच्या सीटचा बेल्ट लागला की नाही ते डॅशबोर्डवर दिसतं ती गाडी मी आधी निवडेन.

प्रश्न : तिसरी रांग सुरक्षित असते का हो? मागून कोणी ठोकलं तर मुलं अगदी काचेजवळ बसलेली असतात, ते डोक्यातून जात नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि मलाही तो छळायचा, म्हणून जेवढं ठाम माहितीये तेवढंच सांगते. तुम्ही पाच स्टार वाचता तेव्हा ते स्टार तिसऱ्या रांगेचे आहेत असं समजू नका. अमेरिकेतली आयआयएचएस घ्या, गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था. 2021 मध्ये त्यांनी बाजूच्या धडकेची टेस्ट कडक केली, धडकणारा गाडा आधी सुमारे 1,500 किलोचा आणि वेग 50 किलोमीटर होता, तो जवळपास 1,900 किलो आणि 60 किलोमीटर केला. 2022 मध्ये समोरच्या धडकेत मागच्या प्रवाशाचाही डमी बसवला. पण तो मागचा डमी दोन्हीकडे ड्रायव्हरच्या मागे, म्हणजे दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणी बसलेलं नाही. युरोपातली तशीच संस्था युरो एनकॅपही धडकेच्या टेस्टमध्ये मुलांचे डमी दुसऱ्या रांगेत बसवते.

म्हणून काही गोष्टी आपणच बघायच्या. पहिली, छतातून उघडणारी कर्टन एअरबॅग तिसऱ्या रांगेच्या काचेपर्यंत जाते का, सगळ्या गाड्यांत जात नाही. दुसरी, हेडरेस्ट. ही फार साधी गोष्ट आहे आणि मी स्वतः पुष्कळ गाड्यांत चुकलेली बघते. तिसऱ्या रांगेची हेडरेस्ट ड्रायव्हरला मागचं दिसावं म्हणून खाली पाडतात, आणि कोणी बसलं की वर करायची राहून जाते. खाली पडलेली हेडरेस्ट मानेच्या मागे येते, डोक्याच्या मागे नाही, आणि मागून धक्का बसला की डोकं तिच्यावरून मागे झुकतं. बेल्ट लावण्याआधी हेडरेस्ट, आमच्याकडे हा नियम आहे आणि तो धाकटा मुलगा सगळ्यांना ओरडून पाळायला लावतो. तिसरी, मागे बसलेल्याचं डोकं आणि मागची काच यात किती अंतर उरतं ते हाताने मोजा. आणि चौथी, डिकीत पाठीच्या वर येईल असं काही रचू नका, ब्रेक लागला की ते सगळं पुढे येतं आणि पहिलं तिसऱ्या रांगेतल्या डोक्यावर.

हे सगळं वाचून घाबरून मागे कोणाला बसवूच नये असं माझं म्हणणं नाही. नीट बेल्ट, नीट सीट आणि वर केलेली हेडरेस्ट असली तर मूल मागे बसलेलं मला चालतं. दोघांच्या सीटवर तीन मुलं कोंबणं मात्र कुठल्याही रांगेत चालत नाही.

प्रश्न : धाकटी मागे बसली की अर्ध्या तासात मळमळ, उलटी. औषध न देता काही करता येतं का?

तिला मधल्या रांगेत आणा. मागे बाहेरचं कमी दिसतं, समोर नुसती सीटची पाठ, त्यामुळे डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतात हलतोय. त्यात मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे बसलं की प्रत्येक खड्डा उचलून आपटतो. समोरची काच दिसेल अशा जागी बसवा, मोबाईल-पुस्तक बंद, आणि मागच्या एसीचा झोत चेहऱ्यावर येतो का बघा. मागे बाजूला व्हेंट नुसते आहेत की वेगळा ब्लोअर आहे हे घेतानाच विचारायचं असतं, नुसत्या व्हेंटने भर उन्हात मागे काही पोचत नाही. वळणावर वेग कमी करा, त्याने बाकीच्यांचंही भलं होतं.

प्रश्न : कंपनी सांगते त्यापेक्षा ॲव्हरेज खूपच कमी मिळतं. गाडीत दोष असेल का?

असेलही, पण आधी स्वतः मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. टाकी फुल करा, पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा, ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी तशीच फुल करा, किलोमीटर भागिले लिटर. असं चार-पाच टाक्या करा, एका टाकीवरून काही कळत नाही.

कंपनीचा आकडा खोटा नसतो, तो वेगळ्या परीक्षेचा असतो. युरोपात 2017 पासून डब्ल्यूएलटीपी आहे, ती साधारण अर्ध्या तासाची, 23 किलोमीटरची टेस्ट, रोलरवर, एसी बंद. तुमच्या गाडीत सात जण, एसी फुल आणि वर कॅरियर. त्यात या गाड्या उंच आणि रुंद, वारा कापायला जास्त जोर लागतो. आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 100 ऐवजी 120 ने गेलात की तो 44 टक्के जास्त. लांबच्या प्रवासात 120 चा काटा 100 वर आणून एक टाकी चालवा, फरक तुम्हीच मला लिहून कळवाल. रिकामा कॅरियर वर्षभर डोक्यावर घेऊन फिरू नका, काम झालं की उतरवा.

प्रश्न : सात जण आणि सामान भरलं की गाडी मागून बसते, हेडलाइट वर जातात, समोरचे लोक डिपर मारतात. शॉकअप गेलेत का?

शॉकअप बघून घ्याच, पण आधी वजन बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या आत, खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर किंवा पट्टी असते, तिच्यावर गाडीचं जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे कर्ब वेट, वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती भरता येतं ते निघतं.

आमचंच सांगते. तिसऱ्या वर्षी आम्ही सात जण निघालो, डिकी गच्च, वर कॅरियरवर बॉक्स. एका लांब उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी नेहमीपेक्षा उशिरा थांबतेय हे माझ्या पायाला कळलं, कोणाला बोलले नाही. खाली ट्रकचा वजनकाटा दिसला तशी गाडी आत घेतली. काट्यावर आकडा आला 2,580. स्टिकरवर होता 2,510. रिकामी गाडी 1,930 ची, म्हणजे भरायला 580 किलो, आणि आम्ही भरलं होतं 650. माणसंच 455 किलोची, सामान 130, कॅरियर आणि बॉक्स भरून 65. सात जण सात सीटवर, नियमात, आणि तरी गाडी 70 किलोने जास्त. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी हातात दिली, ती अजून गाडीच्या कागदपत्रांत आहे. तिथूनच आम्ही बॉक्स आणि दोन जड बॅगा पार्सलने पुढे पाठवल्या.

म्हणजे सेव्हन सीटर याचा अर्थ सात मोठी माणसं अधिक सात जणांचं सामान असा नसतो. एक बारीक गोष्ट, युरोपातल्या आकड्यात कर्ब वेटमध्ये ड्रायव्हरचे 75 किलो धरलेले असतात, सगळीकडे नसतात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करताना ते बघा. छतावर किती चालतं ते मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं, आणि त्यात कॅरियर आणि बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं. ट्रेलर लावलात तर त्याचा जो भार हुकवर दाबतो तोही गाडीच्या वजनातच जातो.

हेडलाइट वर जातात कारण मागच्या ॲक्सलच्याही मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढचं टोक उचलतं, मग स्टीअरिंगही हलकं वाटतं. जड बॅगा खाली आणि पुढे, तिसऱ्या रांगेच्या पाठीला चिकटून ठेवा, हलक्या वर. हेडलाइट खाली करायचं चाक डॅशबोर्डवर असेल तर ते फिरवा. आणि टायरची हवा, ती माणसं-सामान भरलेल्या गाडीला वेगळी लागते. त्याच स्टिकरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, रोजचा आणि फुल लोडचा. निघायच्या आधी, टायर थंड असताना भरा, कारण टायर गरम झाला की दर पाच-सहा अंशाला साधारण 1 पीएसआय वाढतो आणि गेज फसवतं. एवढं करूनही मागे बसत असेल तर मग शॉकअप आणि स्प्रिंग, रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही मागच्या चाकांच्या कमानी जमिनीपासून मोजा, डाव्या-उजव्यात फरक असेल तर स्प्रिंग संशयात.

प्रश्न : ऑल व्हील ड्राइव्हचे जास्त पैसे मोजावेत का?

बर्फ, चिखल, ओला चढ किंवा ट्रेलर हे वर्षात नियमित येत असेल तर हो, नाहीतर ते पैसे चांगल्या टायरवर घाला. ऑल व्हील ड्राइव्हने गाडी निघते लवकर, थांबत लवकर नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. आणि ते घेतलंत तर चारही टायर सारख्या मापाचे, सारख्या झिजेचे ठेवावे लागतात, एक पंक्चर दुरुस्त होण्यासारखं नसेल तर कधी कधी चारही बदलावे लागतात, कारण वेगळ्या घेराची चाकं पुढचा-मागचा ॲक्सल जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला सतत घासत ठेवतात.

प्रश्न : पाच वर्षं जुनी सेव्हन सीटर बघतोय. मेकॅनिक इंजिन बघेल, मी काय बघू?

मेकॅनिक ज्याकडे बघत नाही ते सगळं. दुसरी रांग दोन्ही बाजूंनी दहा वेळा सरकवा, दुमडा, परत लावा, लॉकचा आवाज ऐका. तिसरी रांग मोटरने उठणारी असेल तर पूर्ण उठून पूर्ण पडते का. सातही बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि सोडा, मधला बेल्ट छतातून येणारा असेल तो बहुधा अडकतो. स्टेपनीच्या खळग्यात हात घाला, ओलसर असेल तर मागच्या दाराचं रबर किंवा सनरूफच्या नळ्या तुंबल्यात. मागचा एसी वेगळा चालवा, तो पंधरा मिनिटांनी खरोखर थंड देतो का, कारण त्याच्या नळ्या गाडीखालून लांब मागे जातात आणि गंजल्या की काम मोठं निघतं.

टायरवर डॉट नावाच्या आकड्यांच्या शेवटी चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील आणि गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर विचारा असं का. खाली हुक लावल्याच्या खुणा असतील तर ट्रेलर ओढलाय, मग गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं त्याची पावती मागा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि याच वजनाच्या गाड्यांत लोक ते विसरतात. रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावलेली, बाकी आहे का ते चासी नंबरवरून तपासता येतं. आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, चार-पाच जण भरून खराब रस्त्यावर न्या, रिकामी गाडी जे लपवते ते भरलेली सांगते.

प्रश्न : वर्षात सात-आठ वेळाच सातही सीट लागतात. एवढी मोठी गाडी रोज एकट्याने चालवणं पटत नाही.

मग एक वही गाडीत ठेवा आणि तीन महिने रोज फक्त एकच आकडा लिहा, आज जास्तीत जास्त किती जण बसले. मी लिहिलं होतं. आमचे 90 दिवसांत सहा किंवा जास्त जण 31 दिवस निघाले कारण शाळेत शेजारच्या मुलांना आम्हीच सोडायचो, म्हणून ठेवली. तुमचे वर्षाच्या हिशोबाने खरोखर सात-आठच दिवस निघाले तर पाच सीटची चांगली गाडी घ्या आणि त्या दिवसांना मोठी गाडी भाड्याने आणा, उरलेलं वर्ष ती रिकामी रांग, तिचं वजन, तिचं पेट्रोल आणि तिची पार्किंगची कटकट ओढायची काही गरज नाही.

आमचाही हिशोब आता पुन्हा मांडायची वेळ आलीये. मोठी मुलगी 164 सेंटीमीटर झाली, गेल्या महिन्यात तिसऱ्या रांगेत बसली तर प्रत्येक खड्ड्याला डोकं छताला लागत होतं, आणि सासूबाईंना तर मागे बसवायचा प्रश्नच नाही. शनिवारी एक सरकत्या दारांची एमपीव्ही बघायला जातोय. टेप आणि मोठी बॅग बरोबर आहे, आणि सगळ्यात आधी सासूबाई मागे चढून बघणार आहेत, त्यांनीच सांगितलंय.